श्रवणयंत्र आणि ऐकण्याचा अभ्यास



चष्मा आणि श्रवणयंत्र ही दोन्ही इंद्रियांना साहाय्य करणारी साधने असली, तरी त्यांच्यात एक मोठा भेद आहे. चष्मा डोळ्यांवर चढविताच अक्षर स्पष्ट दिसते. श्रवणयंत्र कानाला लावताच आवाज येतो खरा; परंतु बोलणे तत्काळ उमगतेच असे नाही. हा भेद वेळीच कोणी समजावून न सांगितल्यामुळे कितीतरी यंत्रे थोड्याच दिवसांत कपाटाच्या खणात जाऊन पडतात. यात केवळ पैसा वाया जातो असे नव्हे. ते यंत्र लावणारी व्यक्ती घरातल्या संभाषणापासून पुन्हा दूर जाऊन बसते. यंत्र विकत घेणे हा या कार्याचा शेवट नसून आरंभ आहे, हे म्हणूनच प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

मनुष्याच्या आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यातील सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी ध्वनीचे स्पंदन टिपून मज्जातंतूंकडे पोचवितात. या पेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात पुन्हा निर्माण होत नाहीत. वार्धक्यामुळे किंवा वर्षानुवर्षे गोंगाटात काम केल्यामुळे बहुधा प्रथम झिजतात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी. भाषेतील स्वरांचे बळ प्रामुख्याने खालच्या पट्टीत असते. स, श, त, थ, ख यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र बरीचशी वरच्या पट्टीवर अवलंबून असते. त्यामुळे ‘ताट’ की ‘थाट’, ‘शाल’ की ‘साल’, असा संभ्रम पडतो. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ ही वृद्धांची तक्रार हट्टीपणाची नसून शरीरशास्त्राला धरूनच असते. अशा माणसाशी ओरडून बोलल्याने स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने होती तशीच अस्पष्ट राहतात. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नसला तरी मोठा आवाज इतरांइतकाच, किंबहुना अधिक, त्रासदायक वाटू शकतो.

आता मेंदूचा विचार करू. श्रवणशक्ती सहसा हळूहळू मंदावते. मंद आवाजांच्या जगात अनेक वर्षे काढल्यानंतर एके दिवशी पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, वर्तमानपत्राची सळसळ आणि स्वतःच्या चपलांचा आवाज एकदमच कानावर कोसळतात. ज्याला चांगले ऐकू येते त्याचा मेंदू यांतील निरुपयोगी आवाज नकळत बाजूला सारतो. नव्याने ऐकू लागलेल्या मेंदूला ही निवड पुन्हा शिकावी लागते. तिला काही आठवडे, क्वचित काही महिनेही लागतात. स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो, हाही नेहमीचा अनुभव होय. तो बहुधा सवयीने कमी होतो. न झाल्यास कानातील साच्याचे छिद्र मोठे करून किंवा यंत्राच्या जुळणीत फेरफार करून श्रवणतज्ज्ञ त्यावर उपाय करू शकतात.

हा अभ्यास पायरीपायरीने करावा. पहिल्या दिवसांत शांत खोलीत, एकाच व्यक्तीशी, समोरासमोर बसून बोलावे. वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, म्हणजे स्वतःच्या आवाजाची ओळख पटते. मग घरातील कोणी वाचत असता त्याच मजकुरावरून बोट फिरवीत ऐकावे. डोळ्यांना दिसलेला शब्द आणि कानावर आलेला ध्वनी यांची सांगड अशा रीतीने पुन्हा बसते. त्यानंतर आकाशवाणीच्या बातम्या, मग दोन-तीन माणसांची बैठक, आणि अखेरीस बाजार किंवा लग्नाचा मांडव असा क्रम ठेवावा. काही श्रवणतज्ज्ञ आरंभापासूनच दिवसभर यंत्र लावावयास सांगतात, तर काही तास हळूहळू वाढवावयास सांगतात. दोहोंचे उद्दिष्ट एकच असते: काही आठवड्यांत जागेपणीचा बहुतेक वेळ यंत्र कानावर असावे. केवळ पाहुणे आले म्हणजे यंत्र लावणाऱ्याच्या मेंदूला सरावाची संधीच मिळत नाही. दोन्ही कानांसाठी यंत्रे दिली असतील तर दोन्ही लावावीत. आवाजाची दिशा ओळखण्यास आणि गलक्यात बोलणे समजण्यास दोन कानांचे साहाय्य लागते.

यंत्राची पहिली जुळणी ही अखेरची नव्हे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अंकीय यंत्रांचा प्रसार झाला. त्यांत प्रत्येक पट्टीचा आवाज संगणकाच्या साहाय्याने वेगवेगळा कमीअधिक करता येतो. मात्र त्यासाठी तज्ज्ञाला नेमकी माहिती मिळाली पाहिजे. ‘यंत्र चांगले नाही’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘बोलणे समजते, पण भांड्यांचा आवाज टोचतो’ या वाक्यातून पुष्कळ कळते. असे अनुभव एका वहीत टिपून ठेवावेत आणि पुढील भेटीच्या वेळी ती वही बरोबर न्यावी. यंत्र शीळ घालू लागले तर साचा नीट बसलेला नाही, तो सैल झाला आहे किंवा कानात मळ साठला आहे, असे बहुधा समजावे. कान दुखणे, वाहणे किंवा एकाएकी ऐकू येईनासे होणे ही मात्र यंत्राची तक्रार नव्हे. अशा वेळी विलंब न लावता कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

निगेचे नियम साधे आहेत. यंत्रावरील लाल खूण उजव्या कानाची आणि निळी डाव्या कानाची. अनेक यंत्रांत जस्त आणि हवेतील प्राणवायू यांवर चालणारी बारीक बॅटरी असते. तिच्यावरील रंगीत पट्टी काढल्यावर एक-दोन मिनिटे थांबून मग ती आत बसवावी. पट्टी पुन्हा चिकटवून तिचे आयुष्य वाढत नाही. पुनःपुन्हा विद्युत्भारित होणारे यंत्र असेल तर ते रात्री आठवणीने लावून ठेवावे. आपल्या देशातील पावसाळा आणि घाम हे या यंत्राचे मोठे शत्रू आहेत. म्हणून रात्री यंत्र पुसून, बदलत्या बॅटरीचे असल्यास तिचे दार उघडे ठेवून, सिलिका जेलच्या डबीत ठेवावे. स्नानापूर्वी ते काढून ठेवावे आणि मळ कोरड्या, मऊ कुंचल्याने झाडावा.

एवढे सर्व केले तरी अर्धे कार्य घरच्या माणसांकडेच उरते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. स्वयंपाकघरातून दिलेली हाक ओसरीवरच्या यंत्रापर्यंत पोचते तेव्हा ती वाटेतल्या सर्व आवाजांत मिसळलेली असते. म्हणून जवळ यावे, आधी नाव घ्यावे, चेहरा उजेडात ठेवावा आणि ओरडण्याऐवजी सावकाश बोलावे. वाक्य कळले नाही तर तेच पुनःपुन्हा न उच्चारता वेगळ्या शब्दांत सांगावे. बोलणे चालू असता दूरदर्शनसंच बंद ठेवावा. जेवताना अशा व्यक्तीला भिंतीकडे पाठ करून, सर्वांचे चेहरे दिसतील असे बसवावे. आणि तिने ‘काय झाले?’ असे विचारल्यावर ‘काही नाही, जाऊ द्या’ हे उत्तर कधीही देऊ नये. त्या उत्तराने माणूस प्रश्न विचारणेच सोडून देतो, आणि मग कोणतेही यंत्र त्याला परत आणू शकत नाही.

सल्ला आणि साहाय्य मिळण्याची सोय देशात आहे. म्हैसूर येथे १९६५ साली अखिल भारतीय वाचा व श्रवण संस्था आणि मुंबईत १९८३ साली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. साहाय्यक साधने पुरविणारी केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू असून, ठरावीक उत्पन्नमर्यादेतील गरजूंना तिच्यातून श्रवणयंत्र मिळू शकते. श्रवणचाचणी न करता दुकानातून उचललेले साधे ध्वनिवर्धक मात्र यंत्राची जागा घेऊ शकत नाही, कारण ते सर्वच आवाज बहुधा सरसकट वाढविते.

श्रवणयंत्र गेलेली श्रवणशक्ती परत देत नाही. उरलेल्या शक्तीचा पुरेपूर उपयोग करून देते. गलक्यात काही शब्द यापुढेही निसटतील. परंतु नातवाचा प्रश्न पहिल्याच वेळी समजणे, दाराची कडी वाजलेली कळणे, चारचौघांतल्या विनोदावर इतरांबरोबरच हसता येणे, या गोष्टी साध्य होण्याजोग्या आहेत. त्यांसाठी यंत्र लावणाऱ्याने काही आठवडे चिकाटी धरावी आणि घरच्यांनी जवळ येऊन बोलण्याचे कष्ट घ्यावेत.