नंबर न मिळणारी गाडी



मी जबलपूरहून बोलतोय. नेमकं सांगायचं तर शहराच्या दक्षिणेला, नर्मदेकाठच्या तिलवाऱ्याहून. नागपूरकडून रस्त्याने जबलपूरला आलेल्यांनी आमचा पूल ओलांडलेला असणार. 1939 सालचं त्रिपुरी काँग्रेसचं अधिवेशन इथून जवळच भरलं होतं, आणि 1948 मध्ये गांधीजींच्या अस्थी याच घाटावर विसर्जित झाल्या. त्यावर बोलायला जाणकार लोक आहेत. माझा विषय अगदी घरगुती आहे. साठी ओलांडलेल्या माणसाने ग्रॅच्युइटीच्या पैशातून, घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या धाटणीची दोन सीटची स्पोर्ट्स कार जोडायला घ्यावी का? आमच्या चार पिढ्या इकडे गेल्यात, त्यामुळे मराठीत मधेच हिंदी डोकावेल, तेवढं सांभाळून घ्या.

‘किट’ हा शब्द पुण्या-मुंबईच्या घरात क्रिकेटच्या संदर्भात येत असेल. जबलपूरच्या घरांत तो जेवणाच्या ताटावर यायचा. “आज किट आलं नाही, लाइन बंद होती,” असं वडील घरी येऊन सांगायचे. ते व्हेइकल फॅक्टरीत होते. इथे गन कॅरेज फॅक्टरी 1904 पासूनची. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावरचा शक्तिमान ट्रक 1959 मध्ये तिथे जोडला गेला, आणि 1969 मध्ये खास वाहनांसाठी वेगळी व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. जोंगा गाडी तुम्ही सिनेमात तरी पाहिली असेल. मूळ निसान पेट्रोल, पण जोंगा हे नाव आमच्या गावाचं आहे. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली, यातल्या आद्याक्षरांचं. पुढे स्टॅलियन आणि एलपीटीए हे लष्करी ट्रक आले, तेही अशोक लेलँड आणि टाटांकडून आलेल्या किटमधून इथे जोडले गेले. सांगायचं एवढंच, की पेट्या उघडून गाडी उभी करणं हे आमच्या गावात वेडेपणाचं लक्षण समजत नाहीत. मी स्वतः आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवत होतो. त्यामुळे हात चालेल की नाही, ही शंका मला नव्हती. शंका बाकी सगळ्याबद्दल होती.

आधी गाडी कोणती, ते सांगतो. इंग्लंडात कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनियरने 1957 मध्ये लोटस सेव्हन आणली. दारं नाहीत, छप्पर नावापुरतं, पुढची चाकं बाहेर, वजन पाचशे किलोच्या आत. तिकडे तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून लोक ती किटमध्ये घ्यायचे आणि जवळजवळ निम्म्या पैशात घरी जोडायचे. एक किस्सा सांगतात, की सोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागेल, म्हणून चॅपमनने गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या, आणि लोकांनी त्या उलट्या वाचल्या. खरा असो वा नसो, तो ऐकून आमच्या फॅक्टरीतले जुने लोक खूश होतात. 1973 मध्ये त्या करसवलतीचे दिवस संपले, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीने घेतले. ती गाडी आजही निघते.

दुसरा मोह एसी कोब्राचा. 1962 मध्ये कॅरोल शेल्बीने हलक्या इंग्रजी गाडीत अमेरिकन फोर्डचं व्ही-एट इंजिन बसवलं, आणि तिच्या प्रतिकृती जगभर निघाल्या. दिसायला ती सेव्हनपेक्षा कितीतरी देखणी. पण तिचं अंग सगळं गोलाईचं. फायबरचं तयार अंग बाहेरून मागवा, नाहीतर साचा बनवा. सेव्हनचं अंग बहुतेक सपाट ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, मडगार्ड आणि नाक सोडलं तर. पत्रा मला वाकवता येतो. इथेच कोब्रा बाद झाली.

आता किट. इंग्लंडातून पेट्या मागवणं कागदावर सोपं दिसतं. पण कस्टम्सच्या वर्गीकरणाचा एक नियम आहे, आणि तो जगभर तसाच आहे. सुटी, न जोडलेली वस्तू आली, पण तिच्यात पूर्ण वस्तूचं मुख्य रूप असेल, तर तिला पूर्ण वस्तूच धरायचं. म्हणजे चॅपमनची युक्ती आपल्या बंदरावर चालणार नाही. चार पेट्यांत आलेली गाडी ही गाडीच. तो हिशेब मी एका संध्याकाळी मांडला आणि वही मिटली.

मग आपल्याकडे कुणी केलंय का, ते पाहिलं. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्स ही कंपनी 2003 मध्ये सुरू झाली. त्यांची रोडस्टर थेट सेव्हनच्या वळणाची, आणि इंजिन इसुझूचं 1.8 लिटरचं, म्हणजे काँटेसात आणि शेवटच्या ॲम्बॅसेडरमध्ये जे होतं त्या घराण्यातलं. मला या गाडीचं फार कौतुक आहे. कोकणात, ॲम्बॅसेडरच्या इंजिनावर, सेव्हन! दुसरं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांचं. भंगारातून चारचाकी बनवली, खर्च साठ हजारांच्या आसपास, सुरू करायला किक. आनंद महिंद्रांनी 2021 च्या डिसेंबरात तिचं कौतुक केलं, आणि त्याच वेळी हेही लिहिलं की नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि ती छोटी गाडी महिंद्रांकडे गेली. बातम्यांत सगळा आनंद होता. मला मात्र महिंद्रांचं ते वाक्यच जास्त दिवस आठवत राहिलं.

कारण खरा प्रश्न तिथे आहे. घरी बांधलेल्या गाडीला नंबर मिळत नाही. नवीन गाडी नोंदवताना आरटीओ विक्रीचं प्रमाणपत्र मागतं, फॉर्म 21, आणि उत्पादकाचं गाडी रस्त्यालायक असल्याचं प्रमाणपत्र, फॉर्म 22. ते देणाऱ्याकडे त्या मॉडेलची मान्यता हवी, आणि ती पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांतल्या चाचण्यांनंतर मिळते. तो खर्च हजारो गाड्या विकणाऱ्याला परवडतो. इंग्लंडात एकेकट्या गाडीची तपासणी करून नंबर देण्याची सोय आहे. आपल्याकडे हौशी माणसासाठी तसं दार नाही.

मग लोक पळवाट सुचवतात. “अंकल, जुनी गाडी लो, आरसी उसी की रखो, बॉडी बदल दो.” हे सांगणारा गॅरेजवाला प्रत्येक गावात असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नेमकं यासाठीच आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याहून मोठी भीती विम्याची. त्या गाडीखाली उद्या कुणी आलं तर कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी निघेल. ज्या माणसाने तीस वर्षं पोरांना ‘टाका दाखवायला मारू नको, टिकायला मार’ असं शिकवलं, त्याने ही चोरी का करावी?

2021 च्या व्हिंटेज नियमांचाही काहींना भास होतो. त्यात पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते, नवीन नोंदणीला वीस हजार फी. पण आज बांधलेली प्रतिकृती कितीही जुनी दिसली तरी तिचं वय शून्य.

हे सगळं मी घरी जेवताना सांगितलं. बायको म्हणाली, “अहो, म्हणजे साडेचार लाख घालायचे, आणि तिच्यात बसून जायचं कुठे?” मी म्हटलं, “कुठेच नाही.” ती म्हणाली, “मग आधी हे ठरवा, की तुम्हाला गाडी हवी आहे की काम हवं आहे.” पुण्याहून मुलगी फोनवर होती. तिने व्यवहारी मार्ग सांगितला. “बाबा, एखादी जुनी प्रीमियर 118 एनई घ्या, कागद नीट असलेली. मागच्या चाकांवर चालते, निसानचं इंजिन आहे, तुम्हाला खोलायला भरपूर मिळेल, आणि आईला घेऊन बरगीच्या धरणापर्यंत जाता तरी येईल.”

तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आणि ज्याला चालवायची हौस आहे त्याला मीही हेच सांगेन. जुनी, नोंदलेली गाडी घ्या, मूळ रूपात दुरुस्त करा, कायद्यात राहा आणि मोकळ्या रस्त्यावर आनंद घ्या. दोन आठवडे मी 118 एनई शोधत होतो. एक पाहिलीसुद्धा. पण ती पाहताना मला काय काय बदलायचंय याची यादी मनात सुरू झाली, आणि त्यातलं एकही काम मला करावंसं वाटेना. कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेली गाडी परत तशीच करायची. मला शून्यातून चौकट उभी करायची होती. बायकोच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या गाडीभोवती फिरताना मिळालं. काम हवं होतं.

एकदा हे ठरल्यावर बाकीचे निर्णय भराभर झाले. किट नाही, नकाशावरून बांधायची. रॉन चॅम्पियन या इंग्रज शिक्षकाचं 1996 चं पुस्तक आहे, सेव्हनसारखी गाडी स्वस्तात घरी कशी बांधावी यावर. त्यावरून जगात ‘लोकॉस्ट’ हा प्रकारच सुरू झाला. इंचभर चौरस पोकळ नळी, सोळा गेज, आपल्याकडे ईआरडब्ल्यू म्हणून सहज मिळते. गेट-ग्रिलवाले हीच वापरतात. आधी सपाट फळीवर पूर्ण आकृती आखायची, सगळे सांधे फक्त टिपून घ्यायचे, कर्ण मोजायचे, आणि मगच आलटून पालटून दोन्ही बाजूंनी वेल्ड भरायचं. एका बाजूने भरत गेलात तर चौकट केळीच्या पानासारखी वळते.

इंजिनासाठी मारुती ईको. इंजिन उभं लावलेलं, मागची चाकं ओढणारी, 1.2 लिटर, सत्तरच्या वर अश्वशक्ती. पाचशे किलोच्या गाडीला ती भरपूर झाली. एक सूचना, जी कामाची आहे. अपघातात गेलेली गाडी घेतलीत तर किल्ली, ईसीयू आणि पूर्ण वायरिंग त्याच गाडीचं घ्या. किल्लीची चिप ईसीयू ओळखतो. कबाडीकडून वेगवेगळं जमवलंत तर इंजिन सुरूच होणार नाही. आणि कलम 55 प्रमाणे जुन्या गाडीची नोंदणी रद्द करून घ्या. मागे आरसी जिवंत राहिली तर तिचा भलता वापर होऊ शकतो.

चालवणार कुठे? एका मित्राची कुंपण घातलेली जमीन आहे, सरळ मोजली तर साडेतीनशे मीटर. लोकांची ये-जा नाही. तिथे ट्रेलरवर न्यायची, तिसऱ्या गिअरपर्यंत जायची, परत आणायची. चाचणीआधी ब्रेक आणि स्टीअरिंगचे सांधे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघे तपासतील, मी नाही. ही अट मुलीची. मी असेपर्यंत गाडी विकायची नाही, आणि माझ्यानंतर तिची चौकट कापून टाकायची, हेही लिहून ठेवलंय. नाहीतर कुणीतरी उत्साही भाचा तिला कुठल्यातरी मेलेल्या गाडीचा नंबर लावून घाटावर फिरवेल.

पैशाचं एक सांगून थांबतो. साडेचार लाखांतले दीड लाख बायकोने वेगळ्या खात्यात ठेवलेत, ते चौकट पूर्ण झाल्यावर आणि कर्ण दोन मिलिमीटरच्या आत जुळल्यावरच मिळणार. मोजायला ती स्वतः टेप घेऊन येणार आहे. संक्रांतीच्या मेळ्याच्या दिवसांत तिलवाऱ्याचा रस्ता बंद असतो, टेम्पो येत नाही, म्हणून नळ्या आठवडाभर आधीच आणून ठेवल्या. सहा मीटरच्या लांबीत येतात. बारा आणल्या आहेत, आणि शेड साडेपाच मीटरची आहे. तेव्हा पहिलं काम भिंतीला भोक पाडण्याचं.