चित्रपटाच्या प्रतीचे कूळ



ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. संगणकावरच्या चित्रपटाला मात्र आधी कूळच विचारावे लागते. ते बहुधा फाइलीच्या नावातच लिहिलेले असते. आपली नजर तेवढी त्याच्या शेजारच्या मोठ्या आकड्यावर खिळते.

१०८०पी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. एकूण वीस लाखांहून थोडे अधिक. पण हे झाले भांड्याचे माप. आत दूध आहे की पाणी, हे आकडा सांगत नाही. जुन्या व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८, म्हणजे जेमतेम एक लाख ठिपक्यांचे. ते ताणून मोठ्या चौकटीत बसवले की त्या फाइलीलाही १०८०पी म्हणता येते. मधले ठिपके यंत्राने अंदाजाने भरलेले असतात. लाखाचे वीस लाख करणारा असा सावकार पुण्यात तरी दुसरा नसेल!

कूळ सांगणारे शब्द वेगळे. ब्ल्यू-रे रीमक्स म्हणजे तबकडीवरचे चित्र व ध्वनी जसेच्या तसे, केवळ वेष्टण बदललेले. नुसते ब्ल्यू-रे असेल तर तबकडीवरून दाबून लहान केलेली प्रत समजावी. वेब-डीएल म्हणजे इंटरनेटवरून प्रेक्षकाकडे येणारा प्रवाह न बदलता उतरवलेला. वेबरिप म्हणजे तोच प्रवाह पुन्हा दाबलेला, एक पिढी खालचा. डीव्हीडीरिपचा अर्थ आता आपणच लावाल. कॅम हा या वंशातला कलंक. चित्रगृहाच्या अंधारात पडद्यावरून कॅमेऱ्याने चोरलेले ते चित्र. २०२३ च्या कायदा-दुरुस्तीनुसार या चोरीला ३ महिने ते ३ वर्षे कैद आहे.

पुणेकरांना ही दृष्टी नवी नव्हे. भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. संपादकांनी पोथीचे अक्षर किती सुबक हे पाहिले नाही. पोथ्यांची वंशावळ लावली. सुबक अक्षरात चुका उतरवणारा लेखकू सगळ्यांत घातक, कारण त्याच्यावर विश्वास बसतो.

आता, नावातले शब्द कोणी सरकारी मोहोर उठवून देत नाही. ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावे. म्हणून दोन पारख सांगतो. पहिली वजनाची. दोन तासांचा चित्रपट ४०० मेगाबाइटांत मावत असेल, तर दर सेकंदाला अर्ध्या मेगाबिटाहूनही कमी मजकूर आला. व्हीसीडी नुसत्या चित्राला १.१५ मेगाबिट देत असे. एक्स२६५ सारखी नवी बांधणी काटकसरी आहे खरी, पण मग बारीक तपशील कोठे गेला, हे विचारावेच.

दुसरी पारख आकाराची. दामले-फत्तेलालांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ घ्या. त्या काळचे चित्र सुमारे चारास तीन या प्रमाणाचे; आजच्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहायलाच हवेत. पडदा काठोकाठ भरला असेल, तर तुकोबा तरी फुगले आहेत किंवा त्यांचे पागोटे तरी वरून छाटले गेले आहे. पट्टे पाहून आपण ‘प्रत खराब आहे’ म्हणतो आणि छाटलेली प्रत घरी ठेवतो!

हा चोखंदळपणाचा शौक नव्हे. प्रभातच्या जुन्या आवारात जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती मोठ्या संख्येने जळाल्या. मूळ फीत गेल्यावर उरलेल्या प्रतींत मुळाच्या जवळची कोणती, हाच प्रश्न राहतो. अशा वेळी ताणलेली प्रत ‘उत्तम’ म्हणून जपली आणि तिची आई रद्दीत गेली, तर पुढच्या पिढीने काय करावे?

आपल्या घरातही हेच घडते आहे. लग्नाची व्हीएचएस फीत दुकानातून ‘फुल एचडी’ होऊन येते आणि फीत भंगारवाल्याकडे जाते. फाइलीच्या नावात ‘व्हीएचएसवरून’ एवढा शब्द आणि उतरवल्याचे वर्ष घालावे. फीत कोरड्या जागी, उभी ठेवावी. याहून चांगले यंत्र उद्या हाती आले, तर नवी प्रत तिच्यावरूनच काढता येईल.