मॅनिफोल्ड फुटला : जोडायचा की बदलायचा?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी सांगितलंय की प्रत्येकाने आपल्या कामातली एकच गोष्ट सांगायची, आणि तीही दहा मिनिटांत. डॉक्टर मंडळींचं बोलून झालं, बँकवाल्यांचं झालं. माझं काम मच्छीमार बोटींच्या इंजिनांचं. आठवड्याचे चार दिवस ससून डॉकला, उरलेले भाऊच्या धक्क्यावर. म्हणून मी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर बोलणार आहे. नाव परदेशी आहे, पण वस्तू साधी. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळका धूर बाहेर पडतो. सहा सिलिंडर असतील तर सहा तोंडांतून. हा सगळा धूर गोळा करून एका नळाने सायलेन्सरकडे पाठवणारा बिडाचा ओतीव भाग म्हणजे मॅनिफोल्ड. धक्क्यावर सगळे त्याला 'मॅनिफोल' म्हणतात. कोळी बांधव इंजिनाला 'मशीन' म्हणतात, मीही आज तेच म्हणेन.

आता सातवीतली प्रयोगशाळा आठवा. सरांनी पितळी गोळा आणि कडी दाखवली होती. थंड गोळा कडीतून जायचा, तापवला की अडकायचा. माझं अर्धं पोट त्या गोळ्यावर चाललंय, सर! जवळपास एक मीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ४०० अंशांनी तापला, तर तो चार मिलिमीटरहून जास्त लांब होतो. ज्या सिलिंडर हेडवर तो बसवलेला असतो, ते पाण्याने थंड राहिलेलं, ऐंशी-नव्वद अंशांवर. म्हणजे एक भाऊ वाढतोय आणि दुसरा जागचा हलत नाही. म्हणून मॅनिफोल्डची भोकं स्टडपेक्षा थोडी मोठी ठेवतात, त्याला सरकायला जागा मिळावी म्हणून. कुणी मोठा पाना आणि वर पाईप लावून नट आवळले की ती जागा गेली. मग बीड काय करणार? ते वाकत नाही, तडकतं.

तडा गेला की आधी काळी काजळी दिसते, मशीनचा आवाज फटफट येतो, इंजिनरूममध्ये डोळे चुरचुरतात. खलाशी म्हणतात, थोडा धूर तर असतोच. पण त्याच मशीनच्या वर किंवा मागे केबिन असते आणि रात्री पाळी संपलेली माणसं तिथे झोपतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो हे खरं, पण बंद केबिनमध्ये तेवढाही पुरतो. शिवाय तड्यातून येणारी गरम झोत डिझेलच्या पाईपवर किंवा लाकडावर लागली तर काय होईल, ते सांगायला नको.

बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. आजकाल लाल रंग आणि पांढरा फवारा असे डबे मिळतात. पण आमची जुनी पद्धत अजून चालते. भाग घासून कोरडा करायचा, आतून रॉकेल लावायचं, बाहेरून खडू फासायचा. थोड्या वेळाने खडूवर रॉकेलची ओली रेघ उमटते. बाईंनी फळ्यावर ओढलेल्या रेघेइतकी सरळ ती कधीच नसते.

आता दोन बोटी सांगतो. दोन्ही ससून डॉकच्या.

पहिलीचा मॅनिफोल्ड साधा, म्हणजे कोरडा. आत धूर, बाहेर हवा, मध्ये पाणी नाही. तो शेवटच्या तोंडापाशी फुटला होता. त्याच जागी आधी दोनदा वेल्डिंग झालेलं दिसत होतं, एकावर एक चढवलेलं. दोनदा जोडून तिसऱ्यांदा तिथेच तडकला, तर दोष वेल्डिंगचाच असेल असं मला वाटेना. टॉर्च घेऊन मागे गेलो. सायलेन्सरचा जड पाईप ज्या ब्रॅकेटवर टेकायला हवा, ते गंजून तुटलेलं. सगळा पाईप मॅनिफोल्डला लटकत होता आणि मशीनच्या प्रत्येक थरथरीबरोबर त्याला पिरगाळत होता. तडा कुठे गेला ते कुणालाही दिसतं. का गेला, ते दोन हात लांब असतं.

हा मॅनिफोल्ड जोडण्यासारखा होता. भिंत जाड होती, तडा एकच होता. तो घेऊन मी परळला एका गाळ्यात गेलो. तिथले मिस्त्री पूर्वी गिरणीच्या मेकॅनिक खात्यात होते. आपल्यातल्या निम्म्यांच्या घरी तरी गिरणीचा भोंगा ऐकून चहा ठेवला जायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगार घरी बसले. त्यानंतर साचे भंगारात गेले, पण त्या साच्यांच्या बिडाच्या चौकटी जोडणारे हात भंगारात गेले नाहीत. ते असे गाळ्या-गाळ्यांत पांगले. लालबाग-परळमध्ये बीड जोडणारा माणूस का सापडतो, असं मला नवे पोरगे विचारतात, तेव्हा मी त्यांना ही तारीख सांगतो.

बिडात तीन-चार टक्के कार्बन असतो आणि तो ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांसारखा आत पसरलेला असतो. थंड भागावर एकदम वेल्डिंग मारलं की जोडाजवळचं बीड झटकन गार होऊन पांढरं आणि काचेसारखं ठिसूळ बनतं. त्यावर ड्रिलही चालत नाही. आधीच्या दोन्ही वेळेस तेही झालं होतं. मिस्त्रींनी आधी जुनं वेल्डिंग पूर्ण काढलं. तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे धावत नाही. मग खाच मारली, मुरलेलं तेल आणि काजळी जाळून टाकली, आणि पूर्ण भाग कोळशाच्या भट्टीत ठेवला. गाळ्यातला दिवा बंद केला. अंधारात तो जेमतेम लालसर दिसू लागला तेव्हा बाहेर काढला. त्यांच्याकडे थर्मामीटर नाही आणि त्यांना त्याची गरजही वाटत नाही. निकेलचा रॉड, एका वेळी इंचभर टाका, लगेच गोल हातोडीने हलके ठोके, मग पुढचा इंच. शेवटी कोरड्या राखेत पुरून ठेवला तो थेट दुसऱ्या दिवसापर्यंत. घाई करणाऱ्या गिऱ्हाईकाला ते सरळ परत पाठवतात.

नंतर मशीनवर सहाही तोंडांचा फेस मारून घेतला, कारण तापलेला भाग थोडा तरी वाकतोच. ब्रॅकेट नवीन केलं. त्या जागी पुन्हा तडा गेला नाही.

दुसऱ्या बोटीचा प्रश्न अवघड होता. सीझन सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. हल्ली १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे ऑगस्टमधला एकेक दिवस नाखवाला सोन्याचा. बर्फ भरलेला, डिझेल भरलेलं, खलाशी आलेले. तक्रार एवढीच, की मशीनच्या टाकीतलं पाणी रोज कमी होतं आणि खाली थेंबही गळत नाही. सकाळी एक्झॉस्टमधून पांढरी वाफ. या मॅनिफोल्डला पाण्याचं जॅकेट होतं, आत धूर आणि भोवती थंड करणारं पाणी. पाणी बाहेर गळत नव्हतं, म्हणजे ते धुराच्या वाटेत जात होतं. ते मागे सिलिंडरमध्ये उतरलं आणि कुणी स्टार्टर मारला, तर काम संपलं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी इंजेक्टर काढून मशीन हाताने फिरवलं. एका सिलिंडरमधून पिचकारी उडाली.

मॅनिफोल्ड उतरवून तोंडं बंद केली, हवेचा दाब दिला आणि पाण्याच्या पिंपात बुडवला. बुडबुडे एका जागेवरून नाही, चार जागांवरून. नाखवा म्हणाले, "मास्तर, चार टाके मारा, आज रात्री निघतो." मी नाही म्हटलं. एक भोक जोडायला दिलेली उष्णता शेजारचं पातळ बीड उघडते. पितळी झाळही चालली नसती, कारण खाऱ्या पाण्यात पितळेशेजारचं बीड आणखी लवकर खाल्लं जातं. नाखवा चिडले. मला चार शब्द ऐकवले, ते इथे बाईंसमोर सांगता येणार नाहीत. बर्फ वितळत होता, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

दारूखान्यात जुना मॅनिफोल्ड मिळत होता, बाहेरून छान रंगवलेला. माठ घेताना टिचकी मारतो तशी हातोडी लावली. आवाज खणखणीत आला, म्हणजे तडा नव्हता. मग काट्यावर ठेवला. नव्याच्या मानाने बराच हलका भरला. कमी झालेलं बीड आतून गेलेलं असतं. तो तिथेच ठेवला. नवीन यायला पाच दिवस लागले.

त्या पाच दिवसांत कारण सापडलं. एक होज गळकी होती. टाकी रिकामी झाली की समुद्रात गोडं पाणी कुठून आणणार, म्हणून खलाशी बादलीने खारं पाणी भरत होते. होज बदलली, जॅकेट आणि रेडिएटरचा भाग धुऊन काढला, गोड्या पाण्याचे दोन कॅन बोटीवर बांधून ठेवायला लावले. नवीन मॅनिफोल्ड बसवताना मधल्या नटांपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं, तीन फेऱ्यांत. मशीन तापवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, पुन्हा एकदा आवळायचं. सहाव्या दिवशी पहाटे बोट सुटली. नाखवा अजून माझ्याकडेच येतात, आणि अजून बर्फाचे पैसे काढतात.

तो फुटलेला मॅनिफोल्ड मी करवतीने मधोमध कापून इथे आणलाय, मागच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलाय. एका जागी भिंत पोस्टकार्डाएवढी उरली आहे. चहाच्या वेळी येऊन बघा. फक्त कडा धारदार आहेत, सर, जपून हात लावा.