एकांच्या माळा आणि अविभाज्यता

शहाडहून मुंबईकडे निघालेल्या गाडीस कल्याण आणि ठाकुर्ली ओलांडल्यावर जे डोंबिवली स्थानक लागते, त्याच्या ‘डेमलो’ या तत्कालीन नावावरून देवळालीचे गणितप्रेमी शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी आपल्या एका संख्याकुलाचे नामकरण केले. केवळ १ या अंकाच्या माळांचे वर्ग या कुलात समाविष्ट आहेत. १११ चा वर्ग १२३२१.

परंतु या माळांपैकी अविभाज्य कोणत्या, हा प्रश्न अधिक गहन आहे. सहा एकांचे दोन-दोनांचे तीन गट पडतात, सबब त्या संख्येस ११ ने निःशेष भाग जातो; तात्पर्य, माळ अविभाज्य व्हावयाची तर तीतील एकांची संख्याही अविभाज्यच असली पाहिजे. तथापि एवढ्यानेही खातरजमा होत नाही, कारण १११ म्हणजे ३ गुणिले ३७. ११ नंतरची अविभाज्य माळ १९ एकांची, तिच्या पुढची २३ एकांची आणि तदनंतरची एकदम ३१७ एकांची! अशा माळा अनंत आहेत काय, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

विद्यार्थी श्रोत्यांनी कागद-पेन्सिल घेऊन ११,१११ चे अवयव स्वतः अवश्य शोधावेत.