निवेदन नको, कोटेशन लिहा
(नाशिक जिल्हा बैठकीतील भाषण)



निवेदने लिहिण्यात आपला हात कोणी धरणार नाही. तहसीलदारापासून मुख्यमंत्र्यापर्यंत सगळ्यांना आपण ती दिली. त्यांची भाषा आपल्या हाडात मुरली आहे. आमचा भाग दुष्काळी, तालुका मागास, पोरांना काम नाही, तरी इकडे लक्ष द्यावे. गावात उद्योग यावा म्हणून कारखानदाराला लिहितानाही आपण हेच लिहितो आणि तिथेच फसतो. दुष्काळ ऐकून सरकार एखादी पाण्याची टाकी मंजूर करील. ज्याला स्वतःचा पैसा घालायचा आहे, तो दुष्काळ ऐकून दुसरा तालुका बघतो.

आमच्याच गावचे सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जिनिंगवाल्याला आम्ही प्रस्ताव दिला. चार पाने. तीन पानांत गावाचा इतिहास, देवस्थान आणि पुढाऱ्यांचे मनोगत. चौथ्या पानावर एक ओळ, "परिसरात मुबलक कापूस उपलब्ध आहे." तो माणूस आला, चहा घेतला आणि म्हणाला, मुबलक म्हणजे किती? एक म्हणाला दहा हजार क्विंटल, दुसरा म्हणाला वीस. वाण किती? आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. शिवारात दहा-पंधरा कंपन्यांचे बियाणे होते. शेवटी त्याने विचारले, बाहेर शंभर रुपये भाव जास्त निघाला तर माल मलाच घालाल का? त्यावर सगळे गप्प. तो पुन्हा आला नाही. त्याचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

आता दिंडोरी तालुक्यातले मोहाडी पाहा. विलास शिंदे आणि मोजके द्राक्ष बागायतदार यांनी सुरुवात करून 'सह्याद्री' ही शेतकऱ्यांची कंपनी उभी केली. 2022 साली त्यांच्या प्रक्रिया कंपनीत युरोपातल्या चार संस्थांनी मिळून सुमारे 310 कोटी रुपये घातले. ते काही दया म्हणून नव्हे. निर्यातीच्या द्राक्षाची बाग नोंदवलेली असते, पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येतो. पैसेवाल्याला लागते ते हे.

तुम्ही म्हणाल, ते पाणीवाले. मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या कोरडवाहू रानात काय आहे? बघू या काय आहे ते. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. 170 किलोच्या एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. शंभर गाठींचा ट्रक भरायचा तर 500 क्विंटल. एकरी चार-पाच क्विंटल धरले तर शंभर-सव्वाशे एकर झाले. म्हणजे तीस-चाळीस शेतकऱ्यांनी एकच वाण लावले तर एक ट्रक एकसारखा माल आपल्या हातात येतो. "मुबलक" लिहिण्यापेक्षा हे लिहा. सोबत सभासदांचे सातबारे जोडा, पिकाची नोंद त्यावर असू द्या. घेणारा आधी तेच तपासतो.

मग मालाचे लिहा. रुईचा उतारा किती, धाग्याची लांबी किती, ओलावा किती. नमुना तपासून आणा, अंदाजाने ठोकू नका. सीसीआय 8 टक्के ओलावा धरते आणि 12 च्या वर माल घेत नाही, हे ध्यानात ठेवा. कवडी आणि फरदड वेगळी ठेवू, असे लिहून द्या. आणखी एक गोष्ट आपण क्षुल्लक समजतो. खताच्या गोणीत वेचणी केली की तिचा प्लॅस्टिकचा धागा रुईत जातो, पुढे सुतात जातो, आणि रंगाईत तो रंग धरत नाही. अख्खे कापड नापास. सुती कापडाच्या झोळीत वेचणी करू, या एका ओळीला गिरणीवाल्याकडे जी किंमत आहे ती पुढाऱ्याच्या शिफारसपत्राला नाही. वेचणी आपल्या मायबहिणी करतात. ही ओळ लिहिण्याआधी त्यांना विचारा, आणि झोळ्यांचा व जास्तीच्या मजुरीचा खर्च हिशेबात धरा.

पऱ्हाटी आपण बांधावर जाळतो. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिच्यापासून पार्टिकल बोर्ड बनवून दाखवले आहेत. तेव्हा पऱ्हाटी किती, कोणत्या महिन्यात, रस्त्यापर्यंत आणून देणार की नाही, हेही लिहा. ज्वारीचे तसेच. दाण्याबरोबर कडब्याचा आकडा द्या. काही वर्षी दाण्यापेक्षा कडब्यानेच आपल्याला तारले आहे. शरद जोशींनी 1991 साली शेगावला चतुरंग शेती मांडली, तिच्यातल्या माजघर शेतीचा आणि व्यापार शेतीचा हिशेब याच कागदावर होतो.

अवघड प्रश्न शेवटचा. भाव वाढला तर काय? इथे खोटे लिहू नका. ठरलेला एकच भाव लिहाल तर पहिल्याच तेजीत माणसे फुटतील. भाव त्या दिवशीच्या बाजाराशी जोडा आणि स्वच्छ, एकजात मालाचे वर किती ते मागा. सभासदाकडून क्विंटलमागे थोडी अनामत घ्या, माल दुसरीकडे घातला तर ती जप्त. गावात हे मान्य होत नसेल तर प्रस्ताव पाठवू नका. दहा शेतकरी मिळून उत्पादक कंपनी होते, पण कंपनी कागदावर होणे निराळे आणि तेजीत एकत्र राहणे निराळे.

जमिनीबाबत सांभाळा. सिन्नर तालुक्यात सेझसाठी गेलेल्या जमिनीचा मोठा भाग वर्षानुवर्षे पडून राहिला. प्रस्तावात जमीन भाड्याने देऊ म्हणा, मुदत लिहा, आणि काम सुरू झाले नाही तर ती परत, हे कलम घाला. अनुदानाचा आकडा सगळ्यात शेवटी. 2020 साली सुरू झालेल्या राज्याच्या स्मार्ट प्रकल्पात 60 टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवले होते. मिळाले तर घ्या. पण अनुदान काढून टाकल्यावर जो हिशेब बुडतो, तो मुळात धंदाच नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एकच कागद आणावा. सभासदांची नावे, कपाशीचे व ज्वारीचे एकर, वाण, गेल्या तीन वर्षांचे खरे उत्पन्न, आणि अनामत द्यायला कोण तयार, त्याची सही. आकडे लहान असले तरी चालतील.