ताट बदललं, गोळी तीच राहिली

मी बडोद्याचा. लो-कार्बच्या नादात पोळी, भात, साखर एकदम बंद केली. पहिल्या आठवड्यात ३ किलो उतरले. मी हुरळलो! पण ती बहुतेक चरबी नव्हती, पाणी होतं. शरीरातल्या १ ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. साठा संपला की तेही जातं.

मधुमेहाची गोळी मात्र तेवढीच चालू ठेवली. एका सकाळी दरदरून घाम, हात थरथरायला लागले, साखर ५८! बायकोने साखरपाणी पाजलं म्हणून सावरलो. डॉक्टरांनी डोस कमी केला.

आता ताटात अर्धी भाकरी, उसळ, भाजी, ताक. वजन हळू उतरतंय. तुम्हीही जरूर करा. पण औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.