चित्रप्रवाहाचा सांधा



दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होतो, तो सांधा कसा जुळवतात, एवढेच मला आज सांगायचे आहे. विषय रूक्ष वाटेल. परंतु दिल्लीच्या कार्यक्रमात मध्येच आपल्या जिल्ह्याची बातमी यावी असे ज्यांना वाटते, त्यांना तो परका नाही. हवामानाचा इशारा देताना निवेदकाचा 'उद्या' हा शब्द ऐकू यावा आणि 'गारपीट' हा शब्द मात्र सांध्यात गळून जावा, तर शेतकऱ्याने काय करावे?

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला. तेव्हा सांधा म्हणजे कात्री आणि चिकटवण. तंबूतल्या खेळात फीत तुटली तर चालक ती चिकटवून पुढे चालवी, कारण फितीवरचे प्रत्येक चित्र स्वयंपूर्ण असे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हाही चित्रे एकामागून एक अखंड येत. दोन चित्रांच्या मधल्या विरामात कळ फिरवली की काम भागे.

पुढे अंकांचे युग आले. साध्या दर्जाचे चित्र अंकांत मांडले तर सेकंदाला २१ कोटी ६० लाख बिट लागतात. एवढा भार वाहणे परवडत नाही. म्हणून १९९० नंतरच्या दशकात 'एमपेग-२' या मानकाने संकोचनाची पद्धत रूढ केली. एक चित्र पूर्ण पाठवायचे आणि पुढच्या चित्रांत जो बदल झाला तेवढाच कळवायचा. सेकंदाला ४० लाखांच्या आसपास बिटांत काम होऊ लागले. पण ही झाली दुकानदाराची खतावणी. मागील बाकीचे पान फाडले तर पुढच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. यास्तव सांधा पूर्ण चित्रापाशीच घ्यावा लागतो.

ही अडचण सर्वांना दिसते. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी एकसारख्या धारेने येते, पण घेणारा कधी घागर नेतो, कधी तांब्या. पूर्ण चित्र म्हणजे घागर, बदलाचे चित्र म्हणजे तांब्या. आपल्या घरचे यंत्र येणारे बिट आधी साठवते आणि दर ४० मिलिसेकंदांनी एकेक चित्र बाहेर काढते. 'एमपेग-२'च्या नेहमीच्या वर्गात ही साठवण १८,३५,००८ बिटांची असते. ती वाहू नये आणि कोरडीही पडू नये, याचा हिशेब पाठवणारे यंत्र आपल्या वहीत ठेवते.

आता असे समजा की दिल्लीचा प्रवाह तोडून नागपूरचा जोडला. दिल्लीच्या वहीप्रमाणे त्या क्षणी आत आलेला बिट १०० मिलिसेकंद थांबून बाहेर पडणार होता. नागपूरच्या वहीने मात्र आपले पहिले चित्र २५० मिलिसेकंद थांबेल असे धरले होते. घागर भरायच्या आतच घेणारा दाराशी उभा! पडद्यावर चित्र गोठते. हिशेब उलटा असेल तर टाकी वाहते आणि चित्राच्या चिंधड्या होतात. दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर असतात. चूक होते ती एकीची बाकी दुसरीला न कळवल्यामुळे.

यावर एक उपाय असा की दोन्ही प्रवाह पूर्ण उलगडावे, जोडावे आणि पुन्हा संकोचावे. त्याला महाग यंत्रे लागतात, वेळ लागतो आणि दरवेळी चित्राचा कस थोडा उतरतो. दुसरा उपाय साधा आहे: थांबण्याचा काळ आधीच जाहीर करावा. प्रवाह १८८ बाइटांच्या पाकिटांतून जातो. सांध्याला किती पाकिटे उरली याची उलटी मोजणी त्यातच लिहिता येते. सांध्यापाशी किती थांबायचे तेही ठरवता येते. उदाहरणार्थ, थांबणे २५० मिलिसेकंद आणि वेगाची मर्यादा सेकंदाला ७२ लाख बिट. गुणाकार करून पाहा: १८ लाख. टाकीत बसले! दोन्ही प्रवाहांनी हा करार पाळला की जोडणाऱ्याने चित्र उघडून पाहण्याची गरजच नाही. एकाची पाकिटे थांबवावी, दुसऱ्याची सोडावी. नव्या प्रवाहाचा काळ कमी असेल, तर तो तेवढा उशिरा सोडून मधल्या जागेत रिकामी पाकिटे भरावी.

हे फुकट मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. ठरल्या क्षणी टाकी ठरल्या पातळीवर आणण्यासाठी वरच्या केंद्राला त्या आसपासच्या चित्रांवर बिट हात राखून खर्चावे लागतात. आपल्या चित्राची किंचित शोभा त्याला सोडावी लागते, आणि लाभ मिळतो तो खालच्या लहान केंद्राला. म्हणूनच हा प्रश्न एकट्या यंत्रज्ञाचा नाही. वरच्याने एवढे बंधन स्वीकारले, तर जिल्ह्याची बातमी थोड्या खर्चात आणि न तुटता घरात येऊ शकते.

आपण पूस नदीच्या काठी राहणारी माणसे. धरणाचे दार उघडण्याआधी खालच्या गावांना वर्दी द्यावी लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पाणी किती आणि केव्हा, एवढे कळले की खालचा माणूस आपली तजवीज करतो. चित्राच्या प्रवाहातही वरच्याकडून तेवढीच वर्दी हवी.